स्लॅब टाकला, पाणी कोण मारणार?



आजच्या स्पर्धेच्या युगात 'लीडरशिप' हा शब्द कानावर पडला नाही असा दिवस जात नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूत विचारतात, बायोडेटात लिहावा लागतो, गॅदरिंगच्या भाषणात पाहुणे हमखास वापरतात. पण लीडर तयार कसा होतो, हे मात्र कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. या लेखात तोच प्रश्न घेतला आहे, आणि त्यासाठी उदाहरण घेतलं आहे ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या उन्हाळी नेतृत्व शिबिरांचं. हाच विषय का, ते आधी सांगतो.

माझा रूम पार्टनर ख्रिस्ती आहे. मागच्या मे महिन्यात, आम्ही आमगावला कूलरसमोर पडून दिवस काढत होतो तेव्हा, हा गडी दहा दिवसांच्या शिबिराला गेला. जुलैत होस्टेल उघडलं. पहिल्याच रात्री जेवण झाल्यावर त्यानं स्वतःचं ताट घासलं आणि मग टेबलावर पडलेली आमची चार ताटंही उचलून नेली. आम्ही हसलो. "काऊन बे, मेसमध्ये नोकरी लागली का?" असं कुणीतरी म्हणालंही. त्याला वाटलं आठ दिवसांत उतरेल, असं आम्हाला वाटलं होतं, उतरलं नाही. ऑगस्ट संपला तरी तो ताटं उचलतच होता. तेव्हा मात्र मी त्याला नीट बसवून विचारलं, की त्या दहा दिवसांत तुला शिकवलं तरी काय?

विचारण्यामागं माझं स्वतःचं एक दुखणं होतं. ते शेवटी सांगेन.

अशा शिबिरात असतं काय?

कॉलेजच्या मुलांसाठी अशी शिबिरं घेणाऱ्या संघटना आपल्या देशात जुन्या आहेत. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडिया १९१२ पासूनची, तर युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया १९५४ पासूनची. वायएमसीए तर त्याहून जुनी. तिची सुरुवात लंडनमध्ये १८४४ साली झाली. सगळ्यांचं वेळापत्रक एकसारखं नसतं, पण सांगाडा बराचसा सारखा असतो.

पहाटे उठून प्रत्येकानं एकट्यानं शांत बसायचं, वाचायचं, प्रार्थना करायची. मग पाच-सात जणांच्या लहान गटात बायबलचा एखादा उतारा घेऊन अभ्यास. त्याची पद्धत ऐकून मी चाट पडलो. आधी फक्त निरीक्षण : उताऱ्यात नेमकं काय लिहिलं आहे? मग अर्थ : याचा आशय काय? आणि शेवटी आचरण : मी आज काय करणार? म्हणजे आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखंच, ऑब्झर्व्हेशन, कॅल्क्युलेशन, रिझल्ट. फरक एवढाच, की आपण सिनियरच्या जर्नलमधून रिझल्ट आधी उतरवतो आणि रिडिंग मागाहून 'बसवतो'. तिथं तसं चालत नाही म्हणे.

दुपारी खेळ, संध्याकाळी चर्चा, आणि रोज पाळीपाळीनं भांडी, झाडू, पाणी. गटाचं नेतृत्व रोज वेगळ्यानं करायचं; रात्री बाकीच्यांनी त्याला तोंडावर सांगायचं, की कुठं चुकलास, कुणाला बोलूच दिलं नाहीस. शेवटच्या रात्री मोठी सभा, आणि ज्याला काही निश्चय करायचा असेल त्यानं तो करायचा.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ही शिबिरं धार्मिक आहेत. व्यक्तिमत्त्व विकास हा तिथं हेतूचा एक भाग आहे, पण मुळात येशूचा अनुयायी घडवणं हाच हेतू असतो, आणि ते लपवण्यासारखं नाही. जाणाऱ्यानं हे माहीत करून जावं. नेणाऱ्यानं हे सांगून न्यावं. माझ्या पार्टनरनं मला हे आधीच सांगितलं, म्हणून त्याच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला.

कोल्हापुरात जन्मलेला मुलगा

लायब्ररीत आणि इतरत्र शोधताना मला या शिबिरांचं मूळ सापडलं, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात निघाला!

रॉबर्ट वाइल्डर या मुलाचा जन्म १८६३ साली कोल्हापूरचा. वडील रॉयल वाइल्डर हे तिथले अमेरिकन मिशनरी. बालपण कोल्हापुरात गेलं, पुढं कुटुंब अमेरिकेत परतलं आणि रॉबर्ट प्रिन्स्टन कॉलेजात शिकू लागला. तिथं त्यानं काही मित्र जमवून एक छोटं मंडळ काढलं. परदेशी जाऊन मिशनरी व्हायची आपली तयारी आहे, अशा अर्थाच्या कागदावर ते सह्या करत. रॉबर्टची बहीण ग्रेस ही या सगळ्यामागची खरी शक्ती. भाऊ-बहीण मिळून प्रार्थना करत.

१८८६ च्या उन्हाळ्यात ड्वाइट मूडी या प्रसिद्ध उपदेशकानं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात माउंट हर्मन इथल्या आपल्या शाळेत कॉलेज विद्यार्थ्यांना महिनाभरासाठी बोलावलं. ८९ कॉलेजांतून २५१ विद्यार्थी आले. सकाळी अभ्यास आणि व्याख्यानं, दुपार मोकळी. पोहणं, खेळ, फिरणं. सुरुवातीला परदेशी जाण्याची तयारी असलेले जेमतेम वीस-एकवीस होते. वाइल्डर एकेकाला गाठून बोलत राहिला. एका सभेत निरनिराळ्या दहा देशांच्या वतीनं विद्यार्थी बोलले. महिना संपेपर्यंत तयारी दाखवणाऱ्यांची संख्या शंभरावर गेली. त्या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा एक विद्यार्थी होता, जॉन मॉट. याच मॉटला पुढं १९४६ साली शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता जरा आपल्या ग्राउंडवर या. संध्याकाळी आपण जे व्हॉलीबॉल खेळतो, तो खेळ १८९५ साली विल्यम मॉर्गन यांनी वायएमसीएमध्ये काढला. बास्केटबॉल १८९१ साली जेम्स नेस्मिथ यांनी वायएमसीएच्या ट्रेनिंग स्कूलमध्येच. दोन्ही याच मॅसॅच्युसेट्समध्ये. तरुणाला घडवायचं तर त्याच्या डोक्याबरोबर शरीरालाही कामाला लावायचं, हा विचार या चळवळीत पक्का होता. नेट बांधताना आपल्याला कुठं माहीत असतं!

शंभर हातांचं पुढं काय झालं?

इथपर्यंतची गोष्ट प्रेरणादायी आहे आणि आपल्याकडचे बरेच लेख इथंच संपतात. पण आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. लोड दिल्यावर काय झालं, ते बघितल्याशिवाय पुढं जाऊ नये.

शिबिर संपल्यावर वाइल्डर आणि त्याचा मित्र जॉन फोर्मन हे दोघं १८८६–८७ च्या शैक्षणिक वर्षात १६२ शिक्षणसंस्थांत फिरले. दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी सह्या केल्या. १८८८ साली 'स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट' रीतसर स्थापन झाली. पण लवकरच एक अडचण लक्षात आली. सही करणारे खूप, प्रत्यक्ष जाणारे कमी. नुसती 'तयारी आहे' म्हणायला काय जातं? म्हणून १८९२ मध्ये प्रतिज्ञेचे शब्दच बदलले. 'माझी तयारी व इच्छा आहे' याच्या जागी 'माझा तसा उद्देश आहे' या अर्थाचे शब्द आले. एका शब्दाचा फरक, पण केवढा! सबमिशनच्या बाबतीत सरांना आपण 'करायची इच्छा आहे' म्हणतो, की 'शुक्रवारी देतो' म्हणतो, त्यावरून सर जे ओळखायचं ते ओळखतात.

शब्द बदलून ते थांबले नाहीत. कॉलेजा-कॉलेजांत सही केलेल्यांचे छोटे गट केले, त्यांना भेटत फिरणारे सेक्रेटरी नेमले. या पाठपुराव्यामुळंच पुढच्या साधारण साठ वर्षांत वीस हजारांच्या आसपास तरुण-तरुणी खरोखर परदेशी गेले. ग्रेस वाइल्डर वडिलांच्या मृत्यूनंतर आईसह पुन्हा भारतात, आपल्या कोल्हापूर भागात कामाला आली.

हे वाचताना मला आमच्या घराचा स्लॅब आठवला. आमगावला घर बांधलं तेव्हा स्लॅबच्या दिवशी जत्रा होती. मिक्सर, पंचवीस-तीस मजूर, नातेवाईक, संध्याकाळी सगळ्यांना जेवण. दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर एकटी माझी आई. हातात पाइप. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायची. तेव्हा मला ते काम म्हणजे काहीच वाटलं नव्हतं. पुढं कॉंक्रीट टेक्नॉलॉजीत शिकलो, की मिश्रण कितीही चांगलं असू द्या, क्युरिंग नसेल तर स्ट्रेंग्थ येत नाही. आणि ती धरायची अठ्ठावीस दिवसांची.

शिबिर म्हणजे स्लॅबचा दिवस. पण स्लॅब टिकतो तो पाण्यानं.

मैत्री द्या

तरीही एक प्रश्न उरतोच. पाणी मारणारा टिकला, काम केलं, एवढ्यानं तो चांगला लीडर ठरतो का?

याचं उत्तर एका भारतीयानं दिलं आहे. व्ही. एस. अझरायाह हे मूळचे तमिळनाडूच्या तिरुनेलवेली भागातले. तरुणपणी वायएमसीएचे सेक्रेटरी म्हणून ते विद्यार्थ्यांत काम करत. त्यांचा जवळचा सहकारी शेरवूड एडी हा अमेरिकन, येलमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंग शिकून १८९६ साली भारतात आलेला. म्हणजे आपल्याच ब्रँचचा! १९१० साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथं जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली. अध्यक्ष होते तेच माउंट हर्मनचे जॉन मॉट. हजाराच्या वर प्रतिनिधी, त्यांत आशियातले फारच थोडे. तिथं अझरायाह उभे राहिले आणि त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं : तुम्ही गरिबांसाठी संपत्ती दिलीत, देह झिजवलात, भारतातली मंडळी याबद्दल तुमची ऋणी राहतील. पण आम्हाला तुमची मैत्रीही हवी आहे, ती द्या. सभेतल्या काहींना ते झोंबलं. पण परिषदेतलं आज लोकांना आठवतं, ते हेच भाषण. अझरायाह १९१२ साली दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप.

विचार करा. शंभर हात वर झाले, हजारो मैल प्रवास झाला, आयुष्यं खर्ची पडली. आणि तरीही ज्यांच्यासाठी हे केलं ते म्हणतात, आमच्या शेजारी बसा. मदत करणारा वर आणि घेणारा खाली, ही पायरी मोडली नाही तर सेवासुद्धा एक प्रकारची साहेबीच होते. पहिल्या महायुद्धानंतर तिकडच्या विद्यार्थ्यांनीही हेच प्रश्न विचारायला सुरुवात केली : युद्ध, वर्णभेद, कामगारांची पिळवणूक यांवर आपली चळवळ काय बोलते? १९२० नंतर जुन्या चळवळीला ओहोटी लागली.

आपल्याच रुळावरून गेलेली गाडी

आता आपल्या भागाकडं येऊ. नागपूरहून निघालेली गाडी भंडारा रोड, गोंदिया करत आमगावला येते, पुढं सालेकसा, डोंगरगड आणि राजनांदगाव. १८९३ च्या सुमारास याच मार्गानं एक मराठी कवी नोकरीसाठी राजनांदगावला चालला होता. नारायण वामन टिळक. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी कवितेवरून आणि धर्मावरून गप्पा रंगल्या. उतरताना त्यानं बायबलमधला नवा करार टिळकांच्या हाती दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांनी पुस्तक वाचलं, शंका काढल्या, पत्रव्यवहार केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तिथं सभा नव्हती, हात वर करायला सांगणारं कुणी नव्हतं. एक डबा, दोन माणसं आणि पुढची दोन वर्षं.

पण या गोष्टीची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवली आहे. नवऱ्याच्या निर्णयाची त्यांना आधी कल्पना नव्हती. त्या कोसळल्या, लहान मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि पुढं स्वतःच्या विचारानं परत आल्या. म्हणजे माणूस एकट्यासाठी निर्णय घेतो असं त्याला वाटतं, पण त्याचा लोड घरातल्या प्रत्येक खांबावर येतो. शिबिराच्या शेवटच्या रात्री डोळे पाणावलेले असताना हे कुणाच्या लक्षात असतं?

टिळकांनी पुढं जे केलं तेही अझरायाह यांच्या बोलण्याशी जुळतं. मराठी माणसापर्यंत जायचं तर भजन-कीर्तनातून, अभंगातून जायला हवं, असं ते मानत आणि तसं लिहीत. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. साहेबाचा नोकर म्हणून नव्हे, लोकांतला एक म्हणून काम करायचं, हा त्याचा अर्थ. १९१९ साली ते गेले.

हे सगळं फक्त ख्रिस्ती शिबिरांनाच लागू आहे असं मुळीच नाही. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी भर मे महिन्यात तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तिथं कुठल्या धर्माचा प्रचार नव्हता. कुदळ, फावडं, घाम आणि चर्चा होती. तिथून परतलेल्यांतले काही जन्मभरासाठी कामाला लागले, तर बाकीचे आठवणी सांगत राहिले. पाणी मारण्याचा नियम सगळ्या स्लॅबना सारखाच.

माझं दुखणं

आता जे शेवटी सांगेन म्हटलं होतं ते.

राष्ट्रीय सेवा योजनेचं आपलं सात दिवसांचं शिबिर आमगावच्या पुढं एका खेड्यात झालं, ते अनेकांना आठवत असेल. रस्ता झाला, शोषखड्डे झाले, पथनाट्य झालं. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती सरांनी विचारलं, इथून गेल्यावर कोण काय करणार? माझा हात सगळ्यांत आधी वर गेला. शिबिरभर आमच्याबरोबर काम करणारा दहावीतला एक मुलगा होता. गणितात कच्चा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, परीक्षेपर्यंत दर रविवारी येऊन याला गणित शिकवीन. टाळ्या पडल्या. तो पोरगा निघताना एवढंच म्हणाला, "दादा, इतवारी येता नं मग?"

मी दोन रविवार गेलो. मग टेस्ट आल्या, मग सबमिशन, मग क्रिकेटची मॅच. महिन्यातून दोनदा मी आमगावला घरी येत होतो, म्हणजे अंतराचं निमित्तही नव्हतं. जूनमध्ये निकाल लागला, तो गणितात गेला. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही, राइस मिलवर कामाला लागला. मला हे आईकडून कळलं. माझ्या बायोडेटात मात्र 'शिबिरात सक्रिय सहभाग' ही ओळ होती. आहे.

रूम पार्टनर ताटं घासायचा तेव्हा मला हसू का येत होतं, ते मला नंतर कळलं.

आपण काय करू शकतो?

शिबिर कुठलंही असो, ख्रिस्ती, रासेयोचं, छावणी किंवा कॉलेजचं पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, मला सुचलेल्या काही गोष्टी अशा :

१) जाण्याआधी विचारा : आयोजक कोण, हेतू काय, शेवटी आपल्याकडून काय अपेक्षा? आणि घरी सांगून जा.

२) मोठा निर्णय शेवटच्या रात्री घेऊ नका. कागदावर लिहा, घरी या, आठवडा जाऊ द्या. आठ दिवसांनीही तो खरा वाटला तरच तो तुमचा.

३) 'समाजासाठी काहीतरी करीन' असं म्हणू नका. कुणासाठी, कोणत्या दिवशी, कधीपर्यंत, एवढं ठरवा. इच्छा आणि उद्देश यांतला फरक १८९२ सालीच कळून चुकला आहे.

४) एक सोबती धरा, जो तुम्हाला दर आठवड्याला विचारेल, "गेला होतास का?"

५) ज्याच्यासाठी जाता त्याच्या शेजारी बसा. त्याच्याकडूनही काहीतरी शिका.

आणि आमच्या सरांना, रेक्टर सरांना एक नम्र विनंती : शिबिराचा अहवाल शिबिर संपल्यावर लगेच घेऊ नका, तीन महिन्यांनी घ्या. तो लहान असेल, पण खरा असेल.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी मी पुन्हा त्या खेड्यात गेलो. पार्टनर सोबत आला. तो मुलगा मिलवरून आला होता, अंगावर कोंड्याची धूळ. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "बसा नं दादा." मग पाणी आणून दिलं. मी म्हटलं, मार्चमध्ये बसतोस का? त्यानं लगेच हो म्हटलं नाही. थोडा वेळ माझ्याकडं बघून विचारलं, "किती इतवार येता?"

या वेळी मी हात वर केला नाही. कॅलेंडर बघितलं, मोजले आणि सांगितलं, "बारा."

हा लेख लिहीपर्यंत पाच झाले आहेत. तांदळाचा उतारा टक्क्यांत कसा काढतात ते त्यानं मला मिलच्या हिशोबातून समजावलं. टक्केवारीचा धडा आम्ही तिथूनच सुरू केला. पास होईल की नाही, सांगता येत नाही. येत्या रविवारी सहावा.